रक्ताचा दोष की वागणुकीचा?

आमच्या बांधवांत अलीकडे एक नवा उपदेश फैलावू लागला आहे. विहारांतून, प्रवचनांतून आणि लग्नमंडपांतून तो इतक्या गोड शब्दांत केला जातो की, त्यातील विष चटकन कोणाच्या ध्यानात येऊ नये. उपदेश असा की, आपली मुले परदेशी गेली आहेत, चार पैसे मिळवीत आहेत. तेथे कोणी वर्णावरून, नावावरून अगर जातीवरून टोचून बोलले तर ते मनावर घेऊ नये. आडनाव सांगू नये, ध्यान करावे, आणि आपले काम बरे की आपण बरे असे राहावे.

गेल्या वर्षावासात एका उपनगरातील विहारात प्रवचन चालू असता एक माता उठून उभी राहिली. ती म्हणाली, "माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. इंग्लंडला जाऊन सहा वर्षे झाली. जाताना डॉक्टरने अगदी ठणठणीत म्हणून लिहून दिले होते. आता रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, रात्री तीन-तीनदा उठून बसतो. त्याचा साहेब आपल्याकडचाच आहे. एकदा तो घरी जेवायला आला आणि बाबासाहेबांचा फोटो पाहून गेला. त्या दिवसापासून त्याची वागणूकच पालटली. मी काय करू?" प्रवचनकारांनी शांतपणे उत्तर दिले, "ताई, हा मुलाच्या मनाचा दुबळेपणा आहे. त्याला दहा दिवसांचे शिबिर करायला सांगा. आणि फोटो बाहेरच्या खोलीत लावायचा कशाला?" सभेने माना डोलावल्या. वेळ संपल्यामुळे मला तेथे बोलता आले नाही. सबब येथे लिहितो.

मी डॉक्टर नाही, वकील आहे. त्या मुलाचा रक्तदाब त्याच्या साहेबामुळेच वाढला, असे मी शपथेवर सांगणार नाही. एका माणसाच्या बाबतीत ते सिद्ध करणे फार कठीण असते. परंतु पुरावा कशाला म्हणतात एवढे मला कळते, आणि हजारो माणसांच्या बाबतीत जो पुरावा आज जगापुढे आला आहे, तो पाहिल्यावर "मनाचा दुबळेपणा" हे शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

पहिली साक्ष अमेरिकेतील इलिनॉय राज्याची. त्या देशात काळ्या स्त्रियांची मुले जन्मतः कमी वजनाची असतात, ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत होती. तिचे कारण देताना तेथील पुष्कळ विद्वान रक्ताकडे बोट दाखवीत : या लोकांची जातच तशी, त्यांचे बीजच तसे. आम्हां पूर्वास्पृश्यांना हा युक्तिवाद ओळखीचा आहे. आमचे अज्ञान, आमचे दारिद्र्य आणि आमची घाण ही सारी आमच्या जन्मातच आहेत, असे आमच्या आजोबांना त्यांच्या तोंडावर सांगण्यात आले होते. शिकागोचे दोन डॉक्टर, रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स, यांनी हा युक्तिवाद कसोटीला लावण्याची एक साधी युक्ती काढली. इलिनॉयमध्ये बाळंत झालेल्या स्त्रियांचे त्यांनी तीन गट केले : अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या, अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या, आणि आफ्रिकेत जन्मून पुढे अमेरिकेत येऊन राहिलेल्या काळ्या. दोष रक्तात असेल, तर आफ्रिकेतून थेट आलेल्या स्त्रियांची मुले सर्वांत हलकी निघाली पाहिजेत, कारण अमेरिकेतील काळ्यांत गोऱ्यांचे रक्त काही प्रमाणात मिसळलेले आहे, त्यांच्यात ते नाही.

१९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोऱ्या मातांच्या मुलांचे सरासरी वजन ३४४६ ग्रॅम भरले, आफ्रिकेतून आलेल्या मातांच्या मुलांचे ३३३३ ग्रॅम, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या मातांच्या मुलांचे ३०८९ ग्रॅम. अडीच किलोहून हलक्या मुलांचे प्रमाण गोऱ्यांत शेकडा ४.३, आफ्रिकेतून आलेल्यांत ७.१ आणि अमेरिकेतील काळ्यांत १३.२ होते. म्हणजे परक्या मुलखातून आलेली काळी स्त्री गोरीच्या जवळ उभी आहे, आणि त्या मुलखातच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काळी स्त्री दूर फेकली गेली आहे.

यावर प्रतिवादी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तो म्हणेल, गरिबी असेल, शिक्षण कमी असेल, गरोदरपणी दवाखाना मिळाला नसेल. हा आक्षेप रास्त आहे आणि तो संशोधकांनाही सुचला होता. शिकलेल्या, योग्य वयाच्या आणि वेळेवर दवाखान्यात गेलेल्या स्त्रियाच तेवढ्या निवडून त्यांनी पुन्हा तुलना केली. फरक तरीही उरला. आणि २००२ साली त्यांनीच याहून दुःखद गोष्ट पुढे आणली. युरोपातून आलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या वंशात पुढच्या पिढीची मुले वजनाने वाढली. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या स्त्रियांच्या वंशात मात्र ती घटली. आजी परदेशातून निरोगी देह घेऊन आली. तिच्या मुलीला त्या देशाची भाषा, शाळा आणि नागरिकत्व लाभले. त्यांच्याबरोबरच त्या देशाची वागणूकही तिच्या वाट्याला आली, आणि तिच्या पोटची मुले अधिक हलकी जन्मली. एका पिढीत बीज पालटत नसते. पालटली होती ती त्या बाईला मिळणारी वागणूक.

ही वागणूक देहात शिरते कशी, याचे उत्तर गूढ नाही. धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर वाढते. वाघ समोर आला असता हे उपकारक असते, कारण वाघ एकदा येतो आणि जातो. परंतु ज्याला दुकानात शिरताना, घर भाड्याने मागताना, पोलीस दिसताना आणि साहेबाच्या खोलीचे दार ठोठावताना प्रत्येक वेळी "आज काय होईल" असे वाटते, त्याचा वाघ कधी जातच नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत उतरतो. भेदभाव सोसणाऱ्यांत तो पुरेसा उतरत नाही, असे पाहण्यांत आढळले आहे. हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे यांना जी विश्रांती मिळावयाची ती मिळत नाही. आर्लीन जेरोनिमस नावाच्या विदुषीने १९९२ साली या क्रियेला ऊन-पावसात पडलेल्या वस्तूच्या झिजेची उपमा दिली. आमच्या खेड्यांतून पन्नाशीतच सत्तरीचे दिसणारे स्त्री-पुरुष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही उपमा निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता दुसरी साक्ष. ही मी जरा विस्ताराने देतो, कारण तिच्यात कायद्याचाही संबंध आहे आणि माझ्या धंद्याची लाजही आहे.

आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे जनावरे कापून मांस भरण्याचा मोठा कारखाना होता, आणि त्यात राबणारे बहुतेक मजूर ग्वाटेमालातून आलेले होते. १२ मे २००८ रोजी सरकारच्या सशस्त्र अंमलदारांनी हेलिकॉप्टर घेऊन त्या कारखान्यावर छापा घातला आणि ३८९ माणसांना पकडले. त्यांना वॉटर्लू शहरी नेऊन ठेवले ते कोठे? गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर. तेथेच तात्पुरते न्यायालय उभारले गेले. बेड्या घातलेल्या मजुरांना गटागटाने उभे केले, आणि थोड्या दिवसांत सुमारे तीनशे जणांकडून गुन्हा कबूल करवून घेतला. पुष्कळांना धड लिहिता-वाचता येत नव्हते, आणि कित्येकांची मायबोली स्पॅनिशही नव्हती. त्यांच्या डोक्यावर आरोप टांगला होता तो दुसऱ्याची ओळख चोरल्याचा. तो सिद्ध झाल्यास दोन वर्षांची सक्तीची शिक्षा. तो टाळावयाचा तर हलका गुन्हा कबूल करून पाच महिने तुरुंगात काढा आणि देशाबाहेर जा, असा सौदा होता. वर्षभराने, मे २००९ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात निर्णय दिला की, वापरलेला क्रमांक खरोखरच दुसऱ्या कोणा माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असल्याखेरीज हा गुन्हाच होत नाही. तोवर पोस्टव्हिलच्या मजुरांची शिक्षा भोगून झाली होती.

पण मला सांगावयाचे आहे ते याच्याही पुढचे. २०१७ साली संशोधकांनी संपूर्ण आयोवा राज्यातील जन्मांच्या नोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या ३७ आठवड्यांत लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांना कमी वजनाचे मूल होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा शेकडा २४ ने वाढला होता. गोऱ्या मातांत तशी वाढ नव्हती. आणि ही वाढ केवळ परदेशातून आलेल्या स्त्रियांत नव्हती. अमेरिकेत जन्मलेल्या, ज्यांना हद्दपार करणे कोणालाही शक्य नव्हते, अशा नागरिक स्त्रियांतही ती होती. छापा पोस्टव्हिलला पडला. पण दूरच्या शहरांत, ज्यांच्या घरचे कोणी पकडले गेले नव्हते, त्यांच्या पोटातल्या गर्भापर्यंत तो पोहोचला. कारण त्यांचे नाव, त्यांचा वर्ण, त्यांची बोली पकडलेल्यांसारखी होती. कॅलिफोर्नियात हेच आधी दिसून आले होते. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावाच्या मातांची मुले अकाली अगर कमी वजनाची जन्मण्याचे प्रमाण वाढले. इतर गटांत ते वाढले नाही. त्या स्त्रिया कोणत्या यादीवरून शोधल्या? जन्मनोंदीतील नावांवरून. जे नाव वाचून संशोधकाने त्यांना ओळखले, तेच नाव वाचून शेजारी, दुकानदार आणि मालकही त्यांना ओळखत होते.

आता कोणी या गर्भांना मनाच्या दुबळेपणाबद्दल उपदेश करील काय? पोटातील अर्भकाने कोणते शिबिर करावयाचे होते?

ब्रिटनची साक्ष थोडक्यात देतो. जमेका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस या बेटांत स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे प्रमाण वाढलेले नाही. त्या बेटांतून ब्रिटनमध्ये गेलेल्यांत आणि त्यांच्या मुलांत मात्र ते गोऱ्यांच्या कित्येक पट आढळते. काही लोक म्हणतात, गोऱ्या डॉक्टरांच्या निदानातच पूर्वग्रह आहे. असेल, मग तो पूर्वग्रहही भेदभावाच्याच खात्यावर मांडावा लागेल, आरोपीच्या सुटकेचा दाखला म्हणून नव्हे. या साक्षीतील एक गोष्ट आमच्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातील वस्त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तीत गौरेतर लोक संख्येने थोडे, तेथे त्यांच्यात हा विकार अधिक. ज्या वस्तीत आपल्यासारखे पुष्कळ, तेथे तो कमी. एकट्यादुकट्याने सोसलेला अपमान आणि दहा जणांत बसून सांगितलेला अपमान यांचे वजन देहावर सारखे पडत नाही. संघाला शरण जाण्याचा अर्थ यापेक्षा अधिक व्यवहारात मला तरी दाखविता येणार नाही. मुलांना "आपल्या लोकांत फार मिसळू नकोस, लोक ओळखतील" असे पत्रांतून आणि फोनवरून सांगणाऱ्या आईबापांनी याचा विचार करावा.

येथे प्रवचनकार भगवंतांचा आधार घेतात. संयुत्तनिकायातील दोन बाणांचा दृष्टान्त ते सांगतात : पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या शोकाचा, शहाणा श्रावक दुसरा बाण लागू देत नाही. दृष्टान्त खरा आहे आणि मला तो प्रिय आहे. ध्यानाने मन स्थिर होते, झोप लागते, हेही मी नाकारीत नाही. मुलाने अवश्य ध्यान करावे. परंतु त्या दृष्टान्तात पहिला बाण लागतच नाही असे कोठे म्हटले आहे? तो मारणाऱ्याला मोकळे सोडावे असे कोठे सांगितले आहे? विनयात दुसरी एक कथा आहे, ती हे लोक सांगत नाहीत. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत लोळत होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि उचलून शय्येवर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून याची विचारपूस कोणीच का केली नाही, असा जाब विचारला. त्यांनी त्या रुग्णाला "मन बळकट कर" असे सांगितले नाही. जाब विचारला तो निरोग्यांना. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आम्हांला धम्म दिला तो मान खाली घालून सोसण्याचे नवे शास्त्र म्हणून नव्हे. सोसण्याचे शास्त्र आमच्यापाशी आधीच होते आणि ते आम्ही १९५६ साली नागपुरास टाकून दिले.

आता नाव लपविण्याविषयी. हा उपाय बाबासाहेबांनी स्वतः, निरुपायाने, एकदा करून पाहिला होता. अमेरिका आणि इंग्लंड येथील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव घेऊन ते उतरले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. लपविलेले नाव दहा दिवस पुरले! आणि ते दहा दिवस त्या काळोख्या, रिकाम्या जागेत त्यांनी कसे काढले ते वाचणाराने वाचावे. नाव लपविणाऱ्याचा वाघ दाराबाहेर नसतो. तो खोलीतच बसलेला असतो, कारण आज कोणी विचारील, उद्या कोणी ओळखील, ही भीती चोवीस तास जागी असते. वर सांगितलेली झीज ज्या भीतीने होते, तिची ही वाढीव मात्रा आहे. तेव्हा फोटो बाहेरच्याच खोलीत राहू द्यावा.

परदेशातील आमच्या मुलांवर मार दुहेरी आहे. गोरा त्यांना काळे म्हणून ओळखतो आणि आपला देशबांधव त्यांना जातीने ओळखतो. पहिल्याविरुद्ध कायदा उघड बोलतो. दुसऱ्याविरुद्ध बोलताना तो अडखळतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात "वंश" या शब्दात जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. २०१३ साली पार्लमेंटने त्या अधिकाराचे कर्तव्यात रूपांतर केले. सरकारने ते पार पाडले नाही, आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर केले की आपण तसे करणार नाही. न्यायालये पाहून घेतील. तेथील कित्येक हिंदू संघटनांनी या तरतुदीला विरोध केला होता, तो ब्रिटनमध्ये जात उरलीच नाही असे सांगून. जी वस्तू उरलीच नाही तिच्यावरील बंदीने त्यांचे काय नुकसान होणार होते, याचा खुलासा मात्र मला अद्याप कोठे वाचावयास मिळाला नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला मनाई केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसा ठराव संमत केला, आणि ऑक्टोबरात तेथील गव्हर्नरने, चालू कायद्यांत ही मनाई आहेच असे म्हणून, तो नामंजूर केला.

तरीही मार्ग बंद नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली अपील न्यायाधिकरणाने काही परिस्थितीत जात ही वांशिक मूळ या कल्पनेत बसू शकते असे म्हटले आहे, आणि तो आधार घेऊन दाद मागता येते. येथे एक जुना निकाल प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाला माहीत असला पाहिजे. सोमाली वंशाच्या एका कामगाराने वांशिक छळाची तक्रार न्यायाधिकरणापुढे नेली आणि ती तडजोडीने मिटविली. पुढे त्या छळाने आपले मन व प्रकृती ढासळली म्हणून त्याने दुसऱ्या न्यायालयात निराळा दावा लावला. १९९९ साली कोर्ट ऑफ अपीलने सांगितले की, भेदभावाने प्रकृतीला झालेल्या इजेची भरपाई देण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाच होता. ती पहिल्याच तक्रारीत मागावयास हवी होती, आता उशीर झाला. तो माणूस हरला. पण भेदभाव ही केवळ भावनांना लागलेली ठेच नसून देहाला व मनाला झालेली इजा असू शकते आणि तिची किंमत न्यायालय मोजू शकते, हे तत्त्व त्या निकालात पक्के झाले. सबब, तक्रार करावयाची तर प्रकृतीचा मुद्दा पहिल्याच अर्जात घालावा. आणि अर्जाची मुदत फार थोडी असते. घरच्यांशी विचारविनिमय करण्यातच ती संपून जाते.

प्रवचन संपल्यावर मी त्या मातेला बाहेर गाठले आणि एवढेच सांगितले : मुलाने डॉक्टरकडे जाऊन नुसत्या गोळ्या घेऊन येऊ नये, कचेरीत काय घडते ते त्यांना सांगावे आणि त्यांच्या नोंदीत लिहून घ्यावे. साहेबाने काय म्हटले, कोणापुढे म्हटले, हे त्याच रात्री वहीत उतरावे. कामगार संघटनेचा सभासद व्हावे, आणि महिन्यातून एकदा तरी तेथल्या आपल्या उपासकांत जाऊन बसावे. तिने हे सारे वंदनेच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले. पौर्णिमेला ती पुन्हा विहारात आली तेव्हा मुलाने पाठविलेला मजकूर छापून, घडी घालून पिशवीतून आणला होता. साहेबाचे शब्द त्यात जसेच्या तसे होते, साक्षीदारही होते. फक्त तारखा नव्हत्या. त्या भरून घ्यावयास मी तिला परत पाठविले आहे.